गांजा सोडलेली माणसं बेळगावात कुठं भेटतील?

वडगावचा_पोरगा

नमस्कार मंडळी. बरेच दिवस इथं नुसतं वाचालोय, आज पहिल्यांदा लिहालोय. विषय अवघड आहे म्हणून वेगळं खातं काढलंय, समजून घ्या.

वय २७, उद्यमबागेत सीएनसीवर ऑपरेटर. कॉलेजच्या शेवटच्या वर्षापासून गांजा. सुरवातीला रविवारी चार पोरं मिळून राजहंसगडाकडं गाड्या काढायचो, तेवढंच. मग रोज सुटी झाल्यावर, मग शिफ्टच्या आधी पण. दिवाळीपासून बंद केलंय. कुणी सांगितलं म्हणून नाही, मशीनवर ऑफसेट काय टाकला तेच लक्षात राहीना, एकदा टूल जॉबमध्ये घुसता घुसता राहिला, तिथंच टरकलो.

बंद केलं खरं पण आता संध्याकाळचं काय करायचं तेच कळंना. मित्र म्हणावेत ते सगळे ओढणारे. वाईट नाहीत पोरं, पण भेटलं की तेच. घरात सांगायची सोय नाही, बाबांचे दोन माग आहेत, दिवसभर त्या खटखटाटात असतात, बोलणं असं नाहीच. त्यात लग्नाचं बघालेत. डॉक्टरकडं जावं तर बेळगाव ते केवढं, बाहेर बाकड्यावर कोण ना कोण पाव्हणा बसलेला असणारच.

मला उपदेश नको. मला अशी माणसं पाहिजेत ज्यांनी स्वतः ओढलंय आणि सोडलंय, ज्यांच्यासमोर बसून बोलता येईल. दारूवाल्यांच्या मीटिंगा असतात असं ऐकून आहे. गांजावाल्यांचं काही आहे काय? नसेल तर दारूवाल्यांच्यात जाऊन बसलं तर चालतं काय? निपाणी, कोल्हापूरपर्यंत यायची तयारी आहे.

सांबऱ्याचा_संजू

भावा पहिल्यांदा एक सांगतो, हे इथं लिहिलास हेच लई झालं. वाचालोय, माहिती असणारे येतील बघ.

खानापूर_एक्स्प्रेस

गांज्याचं व्यसन लागत नाही रे, उगाच कशाला टेन्शन घेतोस. झाड आहे ते. साधू लोक आयुष्यभर चिलीम ओढतात, त्यांना कुठली मीटिंग लागली? दारूनं लिव्हर जातं, गांज्यानं कोण मेलेलं ऐकलंय काय. मनात आणलं की सुटतं. मी पण ओढायचो, एक दिवस कंटाळा आला, सोडून दिलो. संपला विषय.

सिस्टर_हुक्केरी

खानापूर_एक्स्प्रेस, तुमचं सुटलं, चांगलंच झालं. पण सगळ्यांचं तसं होत नाही. मी नर्स आहे, मानसोपचारच्या वॉर्डात बरीच वर्षं काढलीत म्हणून सांगते. ओढणाऱ्यांतल्या साधारण दहात एकाला व्यसन लागतं, आणि शाळा-कॉलेजच्या वयात सुरू केलेल्यांत सहात एकाला. म्हणजे बऱ्याच जणांचं तुमच्यासारखं सुटतं हे खरं, पण ज्याचं सुटत नाही त्याला 'मनात आण' म्हणून काय उपयोग? २०१९ ला एम्सनं देशभराचा सर्व्हे प्रसिद्ध केला, त्यात भांग-गांजा-चरस मिळून साधारण ७२ लाख लोकांना त्यासाठी मदतीची गरज आहे असं आलंय. एवढी माणसं काय मनानं कच्ची आहेत?

वडगावच्या भावा, तुझा त्रास थोडा ओळखीचा असेल म्हणून लिहिते. रोज ओढणाऱ्यानं सोडलं की एक-दोन दिवसांत सुरू होतं, चिडचिड, झोप नाही, जेवण जात नाही, रात्री घाम, आणि स्वप्नं एवढी खरी की दचकून उठतो माणूस. पहिल्या आठवड्यात सगळ्यात जास्त, मग दोन-तीन आठवड्यांत उतरतं. झोप मात्र काही जणांची जास्त दिवस बिघडलेली राहते. ही लक्षणं मानसोपचाराच्या पुस्तकात रीतसर नोंदलेली आहेत, २०१३ पासून. पोरं नेमकी त्याच आठवड्यात 'नुसतं झोपेपुरतं' म्हणून परत ओढतात. गांजा सोडवणारं असं खास औषध अजून निघालेलं नाही, त्यामुळं बोलणं, समुपदेशन आणि माणसं हाच मुख्य उपचार आहे. तू माणसं शोधालास ते बरोबरच करालास.

एक मात्र ऐक. कानात आवाज येणं, कोणतरी पाठलाग करतंय असं वाटणं, सगळे माझ्याबद्दलच बोलालेत असं वाटणं, यातलं काही असेल तर मीटिंगची वाट बघायची नाही. सरळ डॉक्टर. बिम्सला, म्हणजे बेळगावच्या सरकारी दवाखान्यात, मानसोपचारची ओपीडी आहे, ओळखीच्यांची भीती वाटत असेल तर धारवाडच्या डिम्हान्सला, तिथल्या सरकारी मनोरुग्णालयात, जा, सकाळच्या बसनं जाऊन संध्याकाळी घरी.

वडगावचा_पोरगा

सिस्टर, आवाज वगैरे नाही. स्वप्नं मात्र बरोबर ओळखलात. मला वाटलं माझंच डोकं फिरलंय.

निपाणी_नाका

वडगावकर, मी दारूवाला. आता पितही नाही आणि लपवतही नाही. वय ६१. तुझ्या प्रश्नाचं सरळ उत्तर देतो.

एए म्हणजे अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, दारू सोडणाऱ्यांचा गट. त्याच्या मीटिंगा दोन प्रकारच्या असतात. एक खुली, तिथं कुणीही येऊन बसू शकतो, घरचे, मित्र, विद्यार्थी, कुणीही. दुसरी बंद, ती फक्त ज्याला दारू सोडायची आहे त्याच्यासाठी. तू खुल्या मीटिंगला ये. तुला कोणी आडनाव विचारणार नाही, जात विचारणार नाही, पैसे मागणार नाही. मध्ये एक ताटली फिरते, त्यात वाटलं तर दहा रुपये टाकायचे, नाही वाटलं तर पुढं सरकवायची. ते पण चहाला आणि हॉलच्या भाड्याला.

हां, काही गटांत म्हणतात की इथं दारूबद्दलच बोला. त्याचा राग मानू नको, त्यांची ती पद्धत आहे. नुसतं ऐकायला बस. बाटलीचं नाव काढून पुडीचं नाव घाल, बाकी सगळं तेच असतंय. खोटं बोलणं तेच, उधारी तीच, बायकोसमोर तोंड चुकवणं तेच.

आणि गांजावाल्यांचं इथं काही नाही म्हणून थांबू नको. एए सुरू झालं तेच मुळी दोन माणसांच्या बोलण्यातनं. १९३५ साल, अमेरिकेत अ‍ॅक्रन गाव, एक शेअरबाजारातला आणि एक डॉक्टर, दोघंही पिणारे. शेअरवाल्याची नुकतीच सुटलेली, परगावी धंद्यात मार खाल्लेला, हॉटेलात बार समोर, आणि त्याच्या लक्षात आलं की आता आपल्याला दुसऱ्या एका पिणाऱ्याशी बोलल्याशिवाय गत्यंतर नाही. फोन करत करत डॉक्टरपर्यंत पोचला. दुसऱ्याला वाचवायला नाही गेला, स्वतः वाचायला गेला. एवढं लक्षात ठेव.

बसू_गोकाक

मीटिंगला कन्नडमध्ये बोलतात का मराठीत? माझा मित्र आहे, त्याला मराठी समजते पण बोलायला जमत नाही.

निपाणी_नाका

बसू, आमच्यात कोण कन्नडमध्ये बोलतंय, कोण मराठीत, कोण उर्दूत. ज्याला रडायला ज्या भाषेत येतं त्यात त्यानं बोलावं. बाहेर पाट्यांवरनं काय चालायचं ते चालू दे, आत कुणी कुणाला भाषा विचारल्याचं मी बघितलेलं नाही. मित्राला घेऊन ये.

उद्यमबाग_ट्रॅफिक

सीमाप्रश्न सुटायची जागा सापडली म्हणायची 😀

संपादक

विनंती: कुणीही इथं फोन नंबर, हॉलचा पत्ता, कुणाचं खरं नाव टाकू नये. निरोपातून द्या. आणि 'माल कुठं मिळतो' छापाचा एक प्रतिसाद उडवलाय, परत आला तर खातं बंद.

कडोली_काठ

मी उलटं सांगणार, राग मानू नका. चुलतभावाला असल्याच एका गटात नेलो होतो, पुण्याकडं, एनए का काय ते. तिथं त्याला दोन नवीन दोस्त भेटले आणि मीटिंग सुटल्यावर तिघं मिळून गेले ओढायला. चार व्यसनी एकत्र आणले की दुसरं काय होणार? माझं मत, गाव बदलावं, मित्र बदलावेत, शेतात राबावं. घामानं सगळं निघून जातं.

गोव्यात_हाय

कडोली_काठ, असं होतं, नाकारत नाही. मी म्हापशाजवळ हॉटेलात काम करतो, मूळचा चंदगडचा, गेली काही वर्षं एनएला, म्हणजे नार्कोटिक्स अ‍ॅनॉनिमसला, जातो. नवीन नवीन माणसं एकत्र आली की धोका असतोच. म्हणून तर सांगतात की नवीन माणसानं नवीन माणसाला धरून बसू नये, जुन्याला धरावं. स्पॉन्सर म्हणतात त्याला. ज्याची बरीच वर्षं कोरडी गेलीत असा एक माणूस, पुरुषाला पुरुष, बाईला बाई. रात्री अकराला तलफ आली तर त्याला फोन. माझा स्पॉन्सर फोन उचलून पहिलं विचारतो 'जेवलास काय'. कारण उपाशी पोटी, रागात, एकटा आणि थकलेला असला की माणूस घसरतो.

वडगावच्या मित्रा, एनए तुझ्यासाठीच आहे. १९५३ ला सुरू झालं, आणि तिथं कुठली नशा हे विचारतच नाहीत. गांजा, ब्राऊन शुगर, गोळ्या, कफ सिरप, सगळे एका खोलीत. यायला अट एकच, सोडायची इच्छा. गोव्यात, पुण्यात, मुंबईत, बेंगळुरात मीटिंगा आहेत, ऑनलाइन पण असतात, कॅमेरा बंद ठेवून नुसतं ऐकता येतं.

आणि तिथं चावीला लावायची किचेन देतात. पहिल्या दिवशी पांढरी, महिना झाला की केशरी, दोन महिन्यांना हिरवी, तीनला लाल, सहाला निळी, नऊला पिवळी, आणि वर्ष झालं की अंधारात चमकणारी. प्लॅस्टिकचा तुकडा आहे पण खरं सांगतो, लाल घ्यायला उठलो तेव्हा पन्नास माणसं टाळ्या वाजवत होती आणि माझ्यासाठी त्याआधी शाळेत सुद्धा कुणी टाळी वाजवली नव्हती.

कडोली_काठ

स्पॉन्सरचं माहिती नव्हतं. भावाला कुणी असा जुना माणूस जोडून दिलेलाच नव्हता. बघतो.

सिस्टर_हुक्केरी

आणि कडोली_काठ, घामानं निघत नाही हो. गांजातला नशेचा घटक चरबीत साठतो, हळूहळू बाहेर पडतो, रोज ओढणाऱ्याच्या लघवीत महिनाभर सुद्धा सापडू शकतो. शेतात राबल्यानं झोप लागते, डोकं रिकामं राहत नाही, तो फायदा नक्की आहे. पण 'निघून गेला' म्हणून एकट्याला मळ्यातल्या खोपीत ठेवलं तर तिथं पण मन त्याच्याबरोबरच जातं.

येळ्ळूरचा_माळकरी

रामकृष्णहरी. आमच्याकडं याचं औषध पिढ्यान् पिढ्या आहे, माळ. आमच्या भजनी मंडळात निम्मी माणसं एकेकाळी दारूत बुडालेली. माळ घातली की दारू, मटण, तंबाखू सगळं बंद. दर एकादशीला भजन, आषाढीला पायी वारी. तुमच्या मीटिंगमध्ये आणि आमच्या भजनात मला काय फरक दिसत नाही. माळ तुटली असं गावात कळलं तर माणूस तोंड दाखवत नाही, ही ताकद आहे.

टिळकवाडी_ताई

माऊली, तुमच्या शेवटच्या वाक्यावरच माझी अडचण आहे. 'तोंड दाखवत नाही.' घसरलेल्या माणसाला नेमकी त्याच दिवशी माणसांची गरज असते. तो तोंड लपवून बसला तर संपलं.

मी पण ओढायचे. बाई असून लिहितेय म्हणून कुणी दचकू नका. बेंगळुरात आयटीत होते, फ्लॅटवर रोज रात्री, 'स्ट्रेस जातो' म्हणून. लॉकडाऊनमध्ये घरी आले, मग वरच्या गच्चीवर. आईला वाटायचं मला उदबत्तीचा नाद लागलाय. सुटलं ते ऑनलाइन मीटिंगांमुळं. फक्त गांजासाठीची मारिजुआना अ‍ॅनॉनिमस म्हणून एक आहे, १९८९ ला अमेरिकेत सुरू झालेली. तिकडची संध्याकाळ म्हणजे आपली सकाळ, त्यामुळं मी चहा पीत पीत लॅपटॉपवर बसायचे. इंग्रजीत असतं, पण बायकांच्या वेगळ्या मीटिंगा पण असतात. इथल्या हॉलमध्ये पंचवीस पुरुषांत एकटी जाऊन बसणं मला त्यावेळी जमलंच नसतं.

आणि 'गांजा काय, हलकाच असतो' हे तिथं कुणी म्हणत नाही. दारू, ब्राऊन शुगरवाल्यांच्यात बसलं की गांजावाल्याला स्वतःचं दुखणं सांगायची लाज वाटते, आपलं काय एवढं मोठं झालंय म्हणून. तो प्रश्न खरा आहे आणि वडगावकर, तुला पण येईल. आला तरी उठून जाऊ नकोस.

येळ्ळूरचा_माळकरी

ताई, बरोबर बोललात. खरं सांगायचं तर आमच्यात एकाची माळ तुटली तेव्हा आमचे बुवा स्वतः त्याच्या दारात गेले, हाताला धरून भजनाला आणले, परत घातली. सगळीकडं असे बुवा नसतात हे मान्य. बाकी ज्याला देवाचं वावडं आहे त्यानं मीटिंगला जावं, ज्याला मीटिंगचं वावडं आहे त्यानं टाळ घ्यावा. माणसांत बसावं एवढंच.

खासबाग_टेक्सटाइल

वडगावकर, तुमच्याच धंद्यातला आहे. बाबांच्या मागावर बघितलंच असशील, तार तुटली की आपण काय करतो? माग थांबवतो, गाठ मारतो, पुढं चालू. तार तुटली म्हणून कुणी अख्खी साडी फाडत नाही, आणि तुटलेली तशीच सोडून माग चालवत पण नाही. परत ओढलास कधी तर एवढंच कर.

चिकोडीचा_वकील

दोन कायद्याच्या गोष्टी, कारण भीतीपोटी पोरं मदत घेत नाहीत हे मी रोज बघतो.

एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांचा कायदा, १९८५ चा, केंद्राचा आहे, म्हणजे चंदगडला वेगळा आणि बेळगावला वेगळा असं काही नाही. गांजा ओढणं हा गुन्हा आहे, कलम २७, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजारापर्यंत दंड किंवा दोन्ही. पण त्याच कायद्यात कलम ६४-अ आहे. ओढण्याचा किंवा अल्प प्रमाणाचा आरोप असलेल्या व्यसनी माणसानं स्वतःहून सरकारी किंवा सरकारमान्य ठिकाणी उपचार घेतले तर त्याच्यावर त्या गुन्ह्याचा खटला चालत नाही. उपचार अर्धवट सोडले तर ही सवलत काढून घेता येते. विकणाऱ्याला हे लागू नाही, आणि 'अल्प प्रमाण' म्हणून कुणी किलोभर जवळ बाळगायला जाऊ नये.

दुसरं, २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं तुमची माहिती गुप्त ठेवणं डॉक्टर आणि दवाखान्यावर बंधनकारक आहे. मुलीकडचे दवाखान्यात जाऊन विचारतील आणि ते सांगतील असं होत नाही.

अथणी_१९९५

वकीलसाहेब, मग व्यसनमुक्ती केंद्रात बांधून ठेवतात ते? मला घरच्यांनी एका खासगी केंद्रात टाकलं होतं, गाव सांगत नाही. रात्री पायाला साखळी. सकाळी सगळ्यांनी ओळीनं उभं राहून स्वतःला शिव्या द्यायच्या. आलो बाहेर आणि त्याच संध्याकाळी ओढलो, रागानं. नंतर जे सुटलं ते आमच्या गॅरेजमधल्या एका मिस्त्रीमुळं, तो जुना चरसी. रोज काम संपलं की मला चहाला न्यायचा, काय बोलायचा नाही, साडेसातपर्यंत बसायचा माझ्यासोबत आणि घराच्या कोपऱ्यापर्यंत सोडायचा. मी कोपऱ्यावरनं घरी जाईपर्यंत उभा असायचा तिथं. पावसात सुद्धा.

चिकोडीचा_वकील

साखळी घालायला त्याच २०१७ च्या कायद्यानं पूर्ण बंदी आहे, कुठल्याही प्रकारे, कुठल्याही कारणानं. केंद्रात टाकण्याआधी घरच्यांनी नोंदणी बघावी, डॉक्टर प्रत्यक्ष येतो का ते बघावं, आणि पेशंटशी फोनवर बोलू देत नसतील तर तिथं ठेवूच नये. तुमच्यावर झालं ते उपचार नव्हते.

मिरज_मेल

सगळी केंद्रं तशी नसतात म्हणून लिहितो. मी पुण्याला मुक्तांगणला होतो. १९८६ ला डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी सुरू केलं, तेव्हा ब्राऊन शुगरची लाट होती. तिथं मला सगळ्यात जास्त काय लागू पडलं सांगू, आमच्याशी बोलणारे बरेचसे कार्यकर्ते स्वतः त्यातनं बाहेर पडलेले. मी थाप मारली की समोरचा हसायचा, कारण ती थाप त्यानं आधी मारलेली. डॉक्टर, औषध सगळं लागतंच, पण थाप पकडायला थाप मारलेलाच लागतो.

परत गावी आल्यावर मात्र मोकळं पडल्यासारखं झालं. तिथं चोवीस तास माणसं, इथं संध्याकाळी सात वाजता कुणीच नाही. वडगावकरचा प्रश्न तोच आहे आणि त्याचं उत्तर अजून कुणी पूर्ण दिलेलं नाही. आपल्या भागात, आपल्या वेळेला, गांजावाल्यासाठी काय?

खानापूर_एक्स्प्रेस

सगळं वाचलं. सिस्टर, मी वर जे लिहिलं ते माझ्यापुरतं खरं आहे पण सगळ्यांना लावायला नको होतं. आमच्या गल्लीतला एक पोरगा आठवला, दोन वर्षं खोलीच्या बाहेर येत नाही, घरचे करणी म्हणालेत. त्याला गांजामुळं असं झालं असेल काय?

सिस्टर_हुक्केरी

नुसतं ऐकून सांगता येत नाही. पण गांजानं काही जणांना मानसिक आजार सुरू होतो किंवा असलेला उफाळतो, विशेषतः कमी वयात रोज ओढणाऱ्यांना आणि घरात कुणाला तसा आजार असेल तर. त्याला मित्रांची मीटिंग नाही, आधी डॉक्टर पाहिजे. घरच्यांना सांगा १४४१६ ला फोन करा, टेलिमानस, सरकारी आहे, फुकट, भाषा निवडता येते. व्यसनासाठी वेगळा १४४४६ आहे. अंगारा-धुपारा करायचाच असेल तर करू देत, भांडत बसू नका, पण सोबत डॉक्टर.

अनगोळची_आई

मी इथं नवीन आहे, चुका झाल्या तर माफ करा. माझा मुलगा एकोणीस वर्षांचा. खिशात पुडी सापडली. तो म्हणतो सगळेच ओढतात. मी रोज त्याचे डोळे बघते, कपड्यांचा वास घेते, पाकीट तपासते. तो माझ्याशी बोलायचा बंद झालाय. तुमच्यात मुलांसाठी मीटिंगा आहेत, आईनं कुठं जायचं?

निपाणी_नाका

ताई, घरच्यांच्या पण मीटिंगा असतात. दारूवाल्यांच्या घरच्यांसाठी अल-अनॉन, नशेवाल्यांच्या घरच्यांसाठी नार-अनॉन. माझी बायको अल-अनॉनला जायला लागली तेव्हा मी पीतच होतो. ती तिथनं एक शिकून आली, माझ्या बाटल्या शोधायचं तिनं बंद केलं आणि साहेबाला 'त्यांना ताप आहे' म्हणून खोटा फोन करायचं पण बंद केलं. ते दुसरं मला जड गेलं. पाकीट तपासणं सोडा असं मी म्हणणार नाही, आईचा जीव आहे. पण दिवसातनं एकदा तरी त्याच्याशी गांज्याशिवाय दुसरं काहीतरी बोला.

टिळकवाडी_ताई

काकू, मी तुम्हाला निरोप पाठवलाय. माझी आई तुमच्याशी बोलायला तयार आहे. ती फोनवर तासभर बोलते, आधीच सांगून ठेवते 😊

सांबऱ्याचा_संजू

वडगावकर कुठं गायब झाला? बरा आहेस न रे?

वडगावचा_पोरगा

आहे आहे. सेकंड शिफ्ट होती.

गेलो होतो मीटिंगला. निपाणीच्या काकांनी निरोपात सांगितलेल्या. बाहेर गाडी लावून दोन चकरा मारल्या, आत जायचं धाडस होईना. मग एक माणूस स्लीपर वाजवत आला आणि म्हणाला 'आतच आहे, ये', जणू मी पाण्याचं मीटर बघायला आलोय. आत प्लॅस्टिकच्या खुर्च्या गोल मांडलेल्या, एक ट्यूब फडफडत होती. एकानं लॅमिनेशन केलेला कागद वाचला. मग एक एसटीतले काका कन्नडमध्ये बोलले, त्यांच्या मुलीचं बारसं होतं आणि ते दारू प्यायला गेलेले, परत आले तोवर पाव्हणे जेवून गेलेले, मुलीचं नाव काय ठेवलं ते त्यांना दुसऱ्या दिवशी शेजारणीकडनं कळलं. सांगताना त्यांचा आवाज नीट होता, मलाच गिळायला होईना. माझी पाळी आली तर म्हटलं नाव सांगतो आणि ऐकतो. चालतंय म्हणाले. चहा झाला. स्लीपरवाल्या माणसानं बसच्या तिकिटाच्या पाठीमागं नंबर लिहून दिला.

ताई म्हणाल्या ते पण झालं. सगळ्यांचं ऐकून मला वाटलं माझं काहीच नाही यांच्यापुढं. पण घरी येताना राजहंसगडाच्या फाट्यावरनं आलो आणि गाडी वळली नाही.

काका, तिथं परत जाणार. पण मिरज_मेल म्हणतात ते खरं आहे, गांजावाला मी एकटाच होतो. शिवजयंतीची मिरवणूक आली की मला भीती आहे. चित्ररथ रात्रभर चालतात, आमच्या मंडळाची पोरं मध्ये मध्ये गल्लीच्या आत जातात ओढायला, सगळ्यांच्या पुढं मीच असायचो. मंडळ सोडायचं नाही मला. लहानपणापासून त्यात आहे.

अथणी_१९९५

मंडळ कशाला सोडतोस. काम मागून घे. जनरेटरजवळ उभं रहायचं, नाहीतर लहान पोरांना सांभाळायचं, जिथनं हलता येत नाही असं काम. आणि त्या रात्री एक माणूस सोबत पाहिजे. मी येतो. अथणीहून बेळगावला मिरवणूक बघायला तसं पण येतोच.

सिस्टर_हुक्केरी

छान केलंस रे. एक राहिलं, गांज्यात तंबाखू मिसळून ओढायचास न? मग सिगारेट चालू असेल तर ती पण बघ. हात आणि ओठ तेच करत राहिले की तलफ जागी राहते. तंबाखू सोडायची सरकारी लाइन आहे, १८००-११-२३५६.

मिरज_मेल

मंडळी, मग आपणच का बसू नये? वडगावकर, अथणी, मी, आणि आणखी कोण असेल ते. आठवड्यातनं एकदा, उघड्यावर, पैसे नाहीत, पदाधिकारी नाहीत. नवीन मुलांच्या नादात कडोलीवाले म्हणतात तसं होऊ नये म्हणून निपाणीच्या काकांनी निदान सुरवातीला बसावं. काका, दारूवाले असला तरी चालवून घेऊ 😀

निपाणी_नाका

येतो. पण तीन गोष्टी. ओढून आलेल्यानं त्या दिवशी बोलायचं नाही, नुसतं बसायचं, पण त्याला हाकलायचं नाही. इथलं तिथं बोलायचं नाही. आणि हे एए-एनएच्या ऐवजी नाही, सोबत.

गोव्यात_हाय

मी व्हिडिओवर येतो, आणि चंदगडला आलो की प्रत्यक्ष. छापलेलं वाचायचं काही लागलं तर पाठवतो.

टिळकवाडी_ताई

बायका आल्या तर मी येईन. अजून एक जण निरोपात आहे, तिला विचारते. आम्ही दोघी असू तर नक्की.

मिरज_मेल

मग वॅक्सिन डेपोच्या मैदानावर, शनिवारी संध्याकाळी सात. मुद्दाम सातच. नक्की कुठल्या झाडाखाली ते निरोपात.

वडगावचा_पोरगा

शनिवारी फर्स्ट शिफ्ट आहे, साडेसहालाच पोचतो. घरी मैदानावर पळायला जातो म्हणून सांगणार होतो पण नको, आईला खरं काय ते सांगून येतो. बाबांचं नंतर बघू.

बसू_गोकाक

मी मित्राला घेऊन येतो. तो कन्नडच बोलणार, आधीच सांगतो.

अथणी_१९९५

येऊ दे की. बरली, बरली.

अनगोळची_आई

माझा मुलगा आज माझ्या मोबाइलवर हा धागा वाचत बसला होता. मी काही बोलले नाही. शनिवारी किती वाजता म्हणालात, सात न?

मिरज_मेल

सात, काकू.